परिषदेत मोकळ्या चर्चेला जागा

प्रश्न : आम्ही दोन दिवसांची, साधारण १२० जणांची परिषद भरवतो आहोत. संशोधक विद्यार्थ्यांना ज्येष्ठांशी मोकळेपणी बोलता यावं अशी इच्छा आहे. पण दरवेळी सुट्टीत विद्यार्थी एका कोपऱ्यात आणि ज्येष्ठ दुसऱ्या. काय करावं?

उत्तर : आधी सुट्टी मोठी करा. पंधरा मिनिटांतली निम्मी रांगेत जातात. आधीचं सत्र लांबलं की उरलेलीही गेली. रोज एकदा सलग ४५ मिनिटं राखा आणि ती कार्यक्रमपत्रिकेत छापा. छापलेल्या वेळेवर अतिक्रमण करताना सत्राध्यक्षही विचार करतात.

जागा सभागृहाला लागूनच हवी. टेबलं लहान, प्रत्येकाला पाचच खुर्च्या. जास्तीच्या खुर्च्या उचलून ठेवा, नाहीतर ओळखीची माणसं त्या ओढून घोळका करतात. चारपाचाच्या पुढे माणसं गेली की बोलणं दोन गटांत फुटतं आणि बुजरा विद्यार्थी नेमका मधे अडकतो.

खरी गोम आहे ती कोण कुठे बसणार यात. जर्मनीतल्या ओबरवोल्फाखच्या गणित संस्थेत प्रत्येकाच्या नावाच्या पाकिटात त्याचा जेवणाचा रुमाल असतो. ही पाकिटं पिसून टेबलांवर मांडतात. आपलं नाव दिसेल तिथे बसायचं. ‘इथे बसू का?’ हे विचारण्याचा संकोचच उरत नाही. तुम्ही नावाच्या चिठ्ठ्या मांडा : टेबलागणिक एक ज्येष्ठ, चार विद्यार्थी. मार्गदर्शक आणि त्याचाच विद्यार्थी एकत्र नकोत. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा पिसा.

नोंदणीच्या अर्जात एक ओळ ठेवा : ‘सध्या कुठे अडलं आहे?’ ही उत्तरं त्या त्या ज्येष्ठांना आदल्या दिवशी द्या आणि पहिली दहा मिनिटं विद्यार्थ्यांनाच बोलू देण्याची विनंती करा. ही विनंती राहून गेली, तर त्या टेबलावर आणखी एक व्याख्यान होतं.

कल्पना चोरीला जाईल या भीतीनंही पोरं गप्प बसतात. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस या विज्ञान परिषदांमध्ये चर्चेचं ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रण करता येत नाही. तोच नियम टेबलावर लिहून ठेवा.

मार्गदर्शकाशी बिनसलंय, नोकरीचं काय, असे प्रश्न चौघांत निघत नाहीत. त्यासाठी दोघांनाच वीस मिनिटं द्या. जागा सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशी, व्हरांड्यातल्या बाकासारखी. बंद खोली नको. एका ज्येष्ठाकडे दिवसाला दोनच विद्यार्थी द्या. ऐनवेळी कुणी आलं नाही तर बसवायला दोन ज्येष्ठ राखीव ठेवा.