शबल नको म्हणणारी आजी

कुत्र्याचं नर पिल्लू घरी आलं की मोत्या, वाघ्या, टायगर, रॉकी ही नावं आपसूक सुचतात. ती टाळून काही जगावेगळं ठेवायचं ठरवलं, की लोक माझ्याकडे एक शंका घेऊन येतात: असल्या नावाला तो ओ देईल का?

देतो. अर्थाशी त्याला देणंघेणं नसतं. कानावर कोणता आवाज पडला आणि लगेच काय घडलं, याची तो सांगड घालतो. अमेरिकेतल्या चेसर या बॉर्डर कॉली कुत्रीला १०२२ खेळणी नावानिशी ओळखता येत होती. तिच्यावरचं संशोधन २०११ साली प्रसिद्ध झालं. अडचण येते ती माणसांची.

मूळचं सोलापूरकडचं, आता पुण्यात राहणारं एक कुटुंब (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) फिकट रंगाचा, वर्षभराचा, कारवान जातीचा कुत्रा घेऊन आलं होतं. हाक मारली तरी येत नाही, बहिरा असेल का, अशी तक्रार. पण बिस्किटाचा पुडा नुसता वाजला तरी तो वळून बघत होता. मग मी प्रत्येकाला हाक मारायला सांगितलं. मुलगी म्हणाली ‘शबल’, वडील ‘रॉकी’, आई ‘बाळा’. आजींनी नुसतंच ‘यू यू’ केलं. बिचाऱ्यानं ऐकायचं तरी कोणाचं?

मुलगी संस्कृत शिकते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या एका सूक्तात यमाचे दोन शबल, म्हणजे कबरे, कुत्रे आहेत, देवांच्या सरमा या कुत्रीची पिल्लं, चार डोळ्यांची, वाट राखणारी. नाव तिथलं. आजोबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आजी म्हणाल्या, “यमाचं कुत्रं दारात बांधायचं आणि त्याला मीच हाका मारायच्या?” मुलीनं समजावलं, की त्याच सूक्तात गेलेल्या माणसाला या कुत्र्यांच्या हवाली करून त्याचं कल्याण मागितलंय. आजींनी नीट ऐकून घेतलं, आणि नको ते नकोच म्हणाल्या.

मी आजींची बाजू घेतली. नाव कितीही सुंदर असो, ते दिवसातून पन्नासदा घ्यायचं असतं. घरातल्या एकाच्या जरी ते जिवावर येत असेल, तर तो माणूस हळूहळू कुत्र्याशी बोलणंच सोडतो. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. म्हणून मी आजींनाच नाव सुचवायला सांगितलं.

“जोंधळ्यासारखा रंग आहे मेल्याचा,” त्या म्हणाल्या. ‘जोंधळ्या’ ठरलं. सोसायटीत लोक हसतील, अशी वडिलांना धास्ती होती. चार दिवस हसतात, मग मुलं तेच नाव घेऊन खेळायला बोलावतात, असं मी त्यांना सांगितलं.

वर्षाच्या काय, मोठ्या दत्तक कुत्र्याचंही नाव बदलता येतं. नाव एकदाच, मायेनं घ्यायचं. त्यानं बघितलं की लगेच पनीरचा किंवा चिकनचा तुकडा द्यायचा. रागावताना ते नाव तोंडात आणायचं नाही, आंघोळीला ओढून नेतानाही नाही. ‘बस’ शिकवणार असाल तर ‘बसू’सारखं नाव टाळा. आणि हाक सगळ्यांची एकच हवी.

लसीकरणाच्या कार्डावर अजून शबलच आहे. मुलीनं ते खोडलं नाही. आजींचीही हरकत नाही. कागदावर असू दे, म्हणतात, हाक मारायची नाही.