आमच्या घराचं पावसाळी वेळापत्रक

तुम्ही विचारलंय की ठरवून निघालेला कुटुंबाचा प्रवास पावसाने अर्ध्यावर मोडला, घरातल्या एकाचं महत्त्वाचं काम बुडालं आणि आता सगळे एकमेकांवर खापर फोडताहेत. अशा प्रसंगातून खरंच काही शिकता येतं का, की ती नुसती मनाची समजूत असते?

शिकता येतं. फक्त "जे होतं ते भल्यासाठीच" हे काही त्यातलं शिकणं नव्हे, असं माझं ठाम मत आहे. बुडालेलं काम बुडालेलंच राहतं. अशा वेळी दिसतं ते एवढंच, की घर नेमकं कुणाच्या जिवावर चाललंय, कुणाला काय माहीत आहे आणि कुणाचं म्हणणं कधीच विचारलं जात नाही. एरवी गाडी वेळेवर पोचते, त्यामुळे हे झाकलेलं राहतं.

आमच्या बाबतीत हे उघड झालं १४ जुलै २०२४ च्या रविवारी. चुलत सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आटोपून आम्ही कुडाळहून मुंबईला परतत होतो. सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं, आमचे हे आणि मी. संध्याकाळी खेडच्या पुढे दिवाणखवटी आणि विन्हेरे यांच्या मध्ये बोगद्याजवळ दरड रुळांवर आली आणि कोकण रेल्वेची वाहतूक बंद पडली. ती पूर्ववत व्हायला जवळजवळ चोवीस तास लागले. ठिकठिकाणी गाड्या थांबवून ठेवल्या होत्या, आमची चिपळूणला.

पहिला तास कसा गेला ते सांगते, कारण तुमच्या घरात आज जे चाललंय तेच तिथे सुरू झालं होतं. "शनिवारीच निघायला हवं होतं." "मी म्हणत होतो, बसने जाऊ." "सुट्टी कुणाला मिळत नव्हती?" कुणीही वाईट बोलत नव्हतं, पण आठ माणसांचं सगळं लक्ष मागच्या आठवड्यातल्या निर्णयांवर होतं. समोर काय चाललंय तिकडे कुणी बघतच नव्हतं.

सासऱ्यांना इन्सुलिन आहे. जेवणाचा डबा पुढच्या मोठ्या स्टेशनवर मिळणार, या हिशेबाने त्यांनी इंजेक्शन घेतलं होतं. गाडी हललीच नाही, डबा आलाच नाही. थोड्या वेळाने ते नातवावर खेकसले. सगळ्यांना वाटलं, खोळंब्यामुळे वैतागलेत. नऊ वर्षांचा तो पोरगाच म्हणाला, "आजोबांची कॉलर बघा, किती ओली झालीय." पंखा चालू होता, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि सासऱ्यांच्या मानेवरून घाम वाहत होता. हात थरथरत होते. साखर उतरली होती.

कुणीतरी पटकन पिशवीतलं मालवणी खाजं पुढे केलं. गोड आहे म्हणून केलं, पण त्यात बेसन आणि तेल असतं, त्यातली साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. साखर उतरली की नुसती साखर किंवा ग्लुकोज द्यायचं असतं, साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की मग पोटभरीचं काहीतरी. आणि माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, थेट डॉक्टर गाठायचा. हे सगळं आमच्या घरात एकट्या सासूबाईंना ठाऊक होतं, आणि त्या दोन डबे सोडून गावच्या ओळखीच्या बाईंना भेटायला गेल्या होत्या. पोरगा धावत गेला, त्या आल्या, त्यांनी पर्समधली साखरेची पुडी काढली. अर्ध्या तासात सासरे नीट बोलायला लागले.

सासूबाई ही पुडी किती वर्षं बाळगतात, हे त्या रात्रीपर्यंत आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण आम्ही कधी विचारलं नाही. एका माणसाने सगळं सांभाळलं की बाकीच्यांना वाटतं, सांभाळण्यासारखं काही नाहीच.

रात्री जवळच राहणाऱ्या एक बाई मोठी किटली आणि बिस्किटांचे पुडे घेऊन फलाटावर आल्या. चहा ओतायच्या आधी त्यांनी डब्याच्या दारातून विचारलं, "गोळ्यावाले कोण आहेत? शुगरवाले, प्रेशरवाले? त्यांना आधी द्या." मी त्यांना म्हटलं, हे बरं सुचलं तुम्हाला. त्या म्हणाल्या, "महापुरात शिकलो." २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माणसं माळ्यांवर, गच्चीवर अडकून पडली होती. भुकेने एखादी रात्र काढता येते, पण म्हाताऱ्यांच्या गोळ्या खाली पाण्यात गेल्या होत्या, एवढंच त्या बोलल्या आणि पुढच्या डब्याकडे गेल्या. संकटातून शिकणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. त्यांनी महापुराचं कौतुक केलं नाही की त्याला दैवाची कृपा म्हटलं नाही. पुढच्या वेळी पहिला प्रश्न कोणता विचारायचा, तेवढं बदललं होतं.

आता जे बुडालं त्याबद्दल. माझ्या पुतणीची सोमवारी सकाळी मुंबईत मुलाखत होती. पहिलीच चांगली नोकरी, दोन फेऱ्या पार करून ती इथवर आली होती. रात्री प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या लागल्या. पहिल्या गाडीत थोड्याच जागा उरल्या होत्या आणि आमच्याच डब्यातलं पनवेलचं एक कुटुंब तिला सोबत न्यायला तयार होतं. भाऊजी म्हणाले, "जायचं तर सगळे एकत्र. आपलं माणूस असं रात्रीचं परक्यांबरोबर पाठवायचं नाही." आणि सासऱ्यांना रात्री परशुराम घाट आणि कशेडी, तेही त्या पावसात, झेपणारं नव्हतं. म्हणून सगळेच थांबलो. सकाळच्या गाडीने महाड, माणगाव करत पनवेलला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. तिने वाटेतून फोन केला होता. त्यांनी दुसरी तारीख दिली नाही.

भाऊजींची काळजी खोटी नव्हती. रात्र, पाऊस, तरणी मुलगी, हे त्यांच्या जागी मलाही डाचलं असतं. पण त्या पोरीला कुणी विचारलंच नाही. ती तेवीस वर्षांची आहे, रोज रात्री लोकलने घरी येते. निर्णय तिच्याबद्दल होता आणि चर्चा तिच्या डोक्यावरून चालली होती. एकत्र राहणं ही आमच्या घराची मोठी गोष्ट आहे आणि मला ती प्रिय आहे. तरीही त्या रात्री काळजी वेगळी आणि एकत्र राहण्याचा हट्ट वेगळा, हे मला स्पष्ट दिसलं. आजारी माणसाजवळ दोघं थांबली असती तर पुरलं असतं.

घरी आल्यावर जो तो तिला "जाऊ दे गं, याहून चांगली मिळेल" म्हणत होता. ती म्हणाली, "मिळेल तेव्हा मिळेल. आत्ता नका सांगू." मला ते पटलं. ज्याचं नुकसान झालंय त्याला लगेच धडा शोधून देऊ नये. आधी नुकसान कबूल करावं. तिच्या वडिलांनी आठवड्याभराने तिच्याशी बसून बोलायचं धाडस केलं. "तुला विचारायला हवं होतं," एवढंच म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाच्या तोंडून हे येणं सोपं नव्हतं, आणि घरातलं वातावरण निवळलं ते तेव्हापासून. आज तिला नोकरी आहे, पण हुकलेल्या त्या नोकरीबद्दल ती अजून हळहळते, आणि हळहळू दे.

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते. २०२४ साली ते १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत होतं. गाड्यांचा वेग कमी करतात, गस्त वाढवतात. डोंगर फोडून काढलेल्या मार्गावर दरड येऊ शकते, हे गृहीत धरूनच ती आखणी असते. मग घराने का गृहीत धरू नये? त्यानंतर आमच्याकडेही तसंच काहीसं झालं. पावसाळ्यात परतीच्या दुसऱ्या दिवशी टाळता न येणारं काम ठेवायचं नाही. ठेवावंच लागलं तर त्या माणसाने दोन दिवस आधी निघायचं. सासऱ्यांच्या औषधांची यादी, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि फोन बंद पडतो म्हणून कागदावर सासऱ्यांच्या खिशातही आहे. साखरेच्या पुड्या दोन वेगळ्या पिशव्यांत असतात. जेवण प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं नाही, हे आम्ही डॉक्टरांना विचारून ठरवलं. तुमच्याकडे कुणी घेत असेल तर तुम्हीही विचारून घ्या.

तुमच्या घरातल्या खापराबद्दल मला एवढंच सुचवावंसं वाटतं, की ज्याचं काम बुडालं त्याला सगळ्यांसमोर नाही, एकट्याला गाठून विचारा: तेव्हा तुला काय करायचं होतं? उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. मग प्रवासात ज्यांना सगळं ठाऊक असतं त्या आई, काकू, आजी यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या पिशवीत काय काय असतं ते बघा. तिकीट कुणी काढलं होतं, हा विषय त्यानंतर फारसा उरत नाही.

आणि एक व्यवहाराचं. रेल्वेने गाडीच रद्द केली असेल तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात. पण गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असल्यामुळे तुम्ही प्रवासच केला नसेल, तर ती प्रत्यक्ष सुटायच्या आधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो. तिकीट ज्याच्या खात्यावरून काढलंय त्यालाच तो भरता येतो, म्हणून ते खातं कुणाचं आहे हे निघायच्या आधीच सगळ्यांना माहीत असू द्या.