परदेशी शाळेतले तीन आठवडे: मुलीच्या पदरात काय पडेल?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकमधील एका शाळेत आठवीत असून दोन वर्षांपासून शाळेतच जर्मन भाषा शिकते आहे. येत्या मे महिन्यात शाळेतील काही मुले तीन आठवड्यांसाठी जर्मनीतील एका शाळेत जाणार आहेत आणि तेथील कुटुंबांत राहणार आहेत. खर्च दोन लाखांच्या पुढे आहे. मुलगी हुशार पण बुजरी आहे, आणि आम्ही शाकाहारी आहोत. एवढ्या पैशांत तिच्या अकरावी-बारावीच्या क्लासची सोय होईल, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. शिवाय ऑक्टोबरमध्ये तिकडची एक मुलगी आमच्या लहानशा घरात राहायला येणार, ही आणखी एक अडचण. या सगळ्यातून मुलीला नेमके काय मिळेल?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण शेवटी, अडचण म्हणून लिहिली आहे. तिकडची मुलगी आपल्या घरी येणार असेल, तर हा उपक्रम खऱ्या अर्थाने देवाणघेवाणीचा आहे. हॉटेलात उतरून, बसमधून चार शहरे दाखवून आणणाऱ्या शालेय सहलीसाठी आपण मला विचारले असते, तर मी सासूबाईंच्या बाजूने उभी राहिले असते.

मे महिन्यात आपल्याकडे सुट्टी असते, परंतु जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्यागणिक जूनच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर लागते. म्हणजे आपल्या मुलीला तेथील चालू शाळा आणि घराचा रोजचा दिनक्रम, दोन्ही पाहायला मिळेल. रविवारी दुकाने बंद असतात म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवायचे, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट अनामत असते म्हणून रिकाम्या बाटल्या दुकानात परत न्यायच्या, संध्याकाळी अनेक घरांत पाव, चीज आणि थंड पदार्थ एवढेच जेवण असते, शाळेत सायकलने किंवा सार्वजनिक बसने एकट्याने जायचे: या गोष्टी कोणी शिकवत नाही, त्या विचाराव्या लागतात. घरी जी मुलगी काही हवे असल्यास आईच्या तोंडाकडे पाहते, तिला तेथे स्वतः तोंड उघडावे लागते. चौदाव्या वर्षी हा अनुभव मिळणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण या वयात मूल चुकायला लाजते, पण अनुकूल माणसे भेटली तर ती लाज लवकर गळतेही.

बुजऱ्या मुलीच्या दृष्टीने तेथील वर्गाचाही विचार करावा. जर्मन शाळांत गुण देताना लेखी परीक्षेबरोबर वर्गातील तोंडी सहभागही धरतात. त्यामुळे उत्तर पूर्ण ठाऊक नसतानाही मुले हात वर करतात आणि शिक्षकांशी असहमती सभ्यपणे मांडतात. आपली मुलगी तीन आठवड्यांत तशी होणार नाही. मात्र न बोलणे हा शहाणपणाचा एकमेव प्रकार नाही, हे तिला आपल्याच वयाच्या मुलांकडे पाहून कळेल, आणि ते आपण किंवा मी सांगून कळणारे नाही.

अशा देवाणघेवाणीमागे इतिहासही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर मिटवायचे म्हणून फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी २२ जानेवारी १९६३ रोजी मैत्रीच्या एलिझे करारावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांना एकमेकांच्या घरी, शाळेत पाठवण्यासाठी एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेव्हापासून लाखो मुले अशी जाऊन आली आहेत. जर्मनीतील शाळा आपल्याच देशाने केलेला ज्यूंचा संहार मुलांना सविस्तर शिकवतात, आणि म्युनिकजवळच्या डाखाऊसारख्या पूर्वीच्या छळछावणीत त्यांना घेऊनही जातात. ती छावणी १९३३ मध्ये उघडली होती आणि १९६५ पासून तेथे स्मारक आहे. शाळेच्या कार्यक्रमात अशी भेट असेल, तर ती गाळू देऊ नये. स्वतःच्या समाजाची काळी बाजू मुलांसमोर कशी ठेवायची, हे पाहणे किशोरवयात मनावर खोल ठसते.

आता ज्या अपेक्षा धरू नयेत त्या. भाषा अस्खलित होणार नाही. फक्त कान तयार होतील आणि बोलण्याची भीड कमी होईल. दहावीचे गुण यामुळे वाढणार नाहीत. पहिल्या आठवड्यात घरची आठवण येऊन ती रडेल, आणि त्या वेळी रोज तासभर व्हिडिओ कॉल केल्यास ती तेथे रुळणारच नाही. आहाराबद्दल यजमान कुटुंबाला आधीच स्पष्ट लिहावे. अंडे चालते की नाही हेही कळवावे, आणि गोळ्या-मिठायांत प्राण्यांपासून बनवलेले जिलेटिन असू शकते हे मुलीला सांगून ठेवावे.

पैशांबाबत सासूबाईंची काळजी रास्त आहे. कर्ज काढून किंवा त्यांची ठेव मोडून मुलीला पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षकांसोबत शैक्षणिक कारणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना शेंगेन व्हिसाचे (जर्मनीसह अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या व्हिसाचे) शुल्क माफ असते. शाळेच्या हिशोबात ते धरले असल्यास विचारावे. जर्मन सरकारने २००८ मध्ये सुरू केलेल्या पाश या शाळा-भागीदारी उपक्रमात आपली शाळा असेल, तर जर्मनीतील युवा अभ्यासक्रमांसाठी शिष्यवृत्तीही मिळू शकते. त्याची चौकशी शाळेत किंवा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृती केंद्रात, करावी.

आणि ऑक्टोबर. पाहुणीला स्वतंत्र खोली लागत नाही; झोपायला जागा, पिण्याचे शुद्ध पाणी आणि घराचा दिनक्रम आधी ठाऊक असणे पुरे, फक्त घर लहान आहे हे मोकळेपणाने कळवावे. त्या दिवसांत यजमान आपली मुलगी असेल. रामकुंडावर लोक अस्थी का आणतात, पांडवलेण्यांना पांडवांचे नाव असले तरी ती बौद्ध लेणी कशी, कालिकामातेच्या यात्रेला एवढी गर्दी का, या प्रश्नांची उत्तरे तिला शोधावी लागतील, आणि त्यांतली निम्मी तिला आजीकडे, म्हणजे आपल्या सासूबाईंकडे, मागावी लागतील. ज्या आजी या खर्चाला विरोध करतात, त्यांच्याशीच नात इतकी बोलेल की त्यांचे मत बदलले तर मला नवल वाटणार नाही. तेव्हाच निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, चालू असते. पुढे त्याच भागातली द्राक्षे युरोपातल्या दुकानांत पोहोचतात. ती पिकवताना औषधफवारणी आणि उर्वरित अंशांच्या तपासणीचे किती कडक नियम पाळावे लागतात, हे दोघींनी शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावे. नाशिकच्या मुलीला ही बाग ओळखीची असते, पण तिच्याकडे तिने अशा नजरेने पाहिलेले नसते.

पैसे भरण्यापूर्वी शाळेला विचारावे की यजमान कुटुंबे कोण निवडते, सोबतचे शिक्षक त्याच गावात मुक्कामी असतील का, आणि कुटुंबाशी पटले नाही तर मुलीला दुसऱ्या घरी हलवण्याची व्यवस्था काय. उत्तरे गुळमुळीत मिळाली तर नकार द्यावा. समाधानकारक असल्यास आईवडील दोघांच्या संमतीने तिच्या पासपोर्टचा अर्ज याच महिन्यात करावा, कारण व्हिसाच्या भेटीच्या तारखा मे महिन्याच्या तोंडावर सहज मिळत नाहीत.