कीबोर्ड कोणाच्या हातात?
वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरची खासगी शिकवणी

या वेळी कॉम्प्युटरच्या शिकवणीबद्दल सोलापुरातून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. काही पत्रं पालकांची आहेत, एक विद्यार्थिनीचं आणि एक खुद्द शिकवणी घेणाऱ्या सरांचं.

प्रश्न : मुलगा पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे. सी लँग्वेजची शिकवणी लावायची आहे. सात रस्ता, नवी पेठ, जुळे सोलापूर, सगळीकडे क्लास आहेत. डेमो लेक्चर सगळ्यांचंच छान वाटतं. आम्हा दोघांना त्यातलं काही कळत नाही. पारख कशी करायची?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : डेमो लेक्चरवरून पारख होत नाही. त्यात सर शंभर वेळा लिहिलेला प्रोग्राम एकशे एकाव्यांदा लिहितात, तो चालणारच. पारखायचं असेल तर मुलाचा न चाललेला प्रोग्राम घेऊन जा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला अडलेला किंवा चुकीचं उत्तर देणारा एक प्रोग्राम त्याने वहीत किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि पहिल्या तासाला सरांपुढे ठेवावा. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा. कॉम्प्युटर येत नसला तरी पुढच्या गोष्टी डोळ्यांना दिसतात.

एक उदाहरण घेऊ. फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम पहिल्याच महिन्यात येतो. सूत्र पुस्तकातलंच असतं, 5/9*(फॅ-32). आपल्याकडच्या मे महिन्यातलं 108 फॅरनहाइट घातलं तर 42.2 यायला हवं, पण येतं शून्य. 98 घाला, तरी शून्यच. कारण असं, की 5 आणि 9 दोन्ही पूर्णांक असतील तर सी त्यांचा भागाकारही पूर्णांकातच करते आणि अपूर्णांकाचा भाग टाकून देते. कंस आधी सोडवला तरी गुणाकाराच्या डावीकडे 5/9, म्हणजे शून्यच उभं असतं. शून्याला कशानेही गुणा, शून्य.

इथे एक सर मुलाकडून कीबोर्ड घेतील, 5 च्या जागी 5.0 टाइप करतील, उत्तर बरोबर आणतील आणि म्हणतील, "कळलं ना?" मुलगा मान हलवेल. दोन मिनिटांत काम झालं. पुढच्या आठवड्यात तीन विषयांच्या मार्कांची सरासरी काढताना तोच मुलगा 3 ने भागेल आणि 70.67 ऐवजी 70 घेऊन घरी येईल.

दुसरे सर हात मागे ठेवतील. आधी विचारतील, "तुला किती यायला हवं होतं?" मग म्हणतील, "5 भागिले 9 एवढंच छापून बघ." मुलाला शून्य दिसेल. "आता 9 भागिले 5?" एक येईल. "7 भागिले 2?" तीन. इथवर आल्यावर बहुतेक मुलांना नियम स्वतःच सुचतो. मग सर सरासरीचं गणित देतील आणि तिथे तीच चूक मुलगा आपली आपण पकडतो का, हे बघतील. याला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांसाठीच फी द्यायची असते.

तर तासभरात एवढंच बघा. कीबोर्ड जास्त वेळ कोणाच्या हातात होता? चूक दुरुस्त करण्याआधी सरांनी मुलाला काय विचारलं? दुरुस्तीनंतर त्याच जातीचं दुसरं गणित दिलं का? शिवाय बॅचमध्ये किती मुलं आणि किती मशीन आहेत, तेही विचारा. प्रोग्रामिंगसाठी एका सरांमागे सहा मुलं पुष्कळ झाली आणि प्रत्येकापुढे मशीन हवंच. एका मशीनवर तिघं बसले की एक जण टाइप करतो, दोघं बघतात. फी महिन्याच्या हिशोबाने द्या. वर्षाची एकदम भरलीत, की न पटलं तरी सोडता येत नाही.

प्रश्न : मुलीने एमएस-सीआयटी केलं आहे. त्याच सेंटरवर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषाही शिकवतात. तिथेच घालावं का?
— एक पालक, होटगी रोड

उत्तर : एमएस-सीआयटी हा 2001 पासून चालत आलेला, कॉम्प्युटर वापरायला शिकवणारा कोर्स आहे. त्याचा उपयोग आहेच, पण प्रोग्रामिंग हे वेगळं काम आहे. सेंटरचं नाव सोडा, पायथॉन शिकवणारी व्यक्ती कोण ते बघा. तिथल्या एखाद्या मुलाची वही मागून घ्या. प्रिंट या शब्दानंतर कंस न घालता लिहिलेलं दिसलं, तर तो पायथॉन 2 आहे आणि त्याचा अधिकृत आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. दुसरी खूण म्हणजे, वापरणाऱ्याकडून घेतलेले 5 आणि 3 मिळवले तर 53 का येतात, हे त्या मुलाला सांगता येतं का? इनपुटमधून आलेली गोष्ट पायथॉन मजकूर म्हणून घेतो, तिला आधी पूर्णांकात बदलावं लागतं. पंधरा दिवस शिकलेल्याला हे यायला हवं.

प्रश्न : आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत होता, आता पुस्तकं सगळी इंग्रजीत. तेलुगू येणारे सर शोधावेत का? आमचा यंत्रमागाचा धंदा आहे, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही.
— एक वडील, पूर्व भाग

उत्तर : मिळाले तर चांगलंच, मराठीत समजावणारेही चालतील. समजावणं मुलाच्या भाषेत हवं, संज्ञा मात्र मूळच्याच राहू द्याव्यात. व्हेरिएबल, लूप, अ‍ॅरे, फंक्शन या शब्दांना मराठी किंवा तेलुगू प्रतिशब्द पाठ करायला लावण्यात वेळ जातो आणि परीक्षेत ते उपयोगी पडत नाहीत.

भाषेची खरी अडचण चुकांच्या संदेशांपाशी येते. स्क्रीनवर लाल इंग्रजी ओळी आल्या, की मराठी माध्यमाची मुलं त्या वाचतच नाहीत, थेट सरांना हाक मारतात. चांगले सर तो संदेश मुलाकडून मोठ्याने वाचून घेतात. त्यात येणारे शब्द मोजके असतात. एक्स्पेक्टेड म्हणजे इथे काहीतरी हवं होतं. अनडिक्लेअर्ड म्हणजे हे नाव आधी सांगितलेलं नाही. अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणजे फंक्शन बोलावलं, पण ते कुठे लिहिलेलंच नाही. असे वीसेक शब्द वहीच्या शेवटच्या पानावर अर्थासह लिहून ठेवले, की महिनाभरात भीती जाते. सोबत दोन सवयी लागायला हव्यात. चौदा चुका दिसल्या तरी फक्त पहिली दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचं (प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलून घ्यायचा), कारण खालच्या बऱ्याच चुका पहिलीच्याच पोटातून आलेल्या असतात. आणि बाराव्या ओळीवर चूक दाखवली पण ओळ बरोबर दिसली, तर अकरावी बघायची. तिथला ओळ संपवणारा अर्धविराम (;) राहिलेला असतो आणि कंपायलरला तो पुढच्या ओळीवर गेल्यावर कळतो.

घरात विचारायला कोणी नाही, असं लिहिलंत, तरी एक गोष्ट तुम्हीच मुलाला दाखवू शकता. चादरीची नक्षी विणणाऱ्या जॅकार्डची भोक पाडलेली कार्डं कुठे मिळाली तर दाखवा. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. फ्रान्सच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास हा माग तयार केला आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. एक आणि शून्य म्हणजे काय, हे पूर्व भागातल्या मुलाला फळ्यापेक्षा मागापाशी लवकर कळेल. याचा उपयोग करून घेणारे सर मिळाले तर त्यांना सोडू नका.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. थिअरीत बरे मार्क पडतात, पण प्रॅक्टिकलला आकडे बदलून दिले की अडते आणि ओरलला गप्प होते. क्लासमध्ये प्रोग्राम पाठ करून घेतात. माझंच काही चुकतंय का?
— एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : तुझी मेहनत चुकीच्या जागी लागते आहे. पाठ केलेल्या प्रोग्राममध्ये एक ओळ इकडची तिकडे झाली की पुढचं सगळं कोसळतं. याला उपाय ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम मशीनवर न चालवता ओळीओळीने वहीत चालवून बघणं. क्लासमध्ये करून घेत नसतील तर मागून घे, नाहीतर घरी कर.

बबल सॉर्ट घे, म्हणजे शेजारच्या दोन आकड्यांची तुलना आणि अदलाबदल करत ते चढत्या क्रमात लावणारा प्रोग्राम. वहीत 42, 17, 35, 8, 23 लिही. शेजारी तक्ता आख. पहिल्या रकान्यात आय (i, बाहेरच्या लूपची मोजणी), दुसऱ्यात जे (j, आतल्या लूपची मोजणी), तिसऱ्यात कोणत्या दोन आकड्यांची तुलना झाली, चौथ्यात अदलाबदल हो की नाही, पाचव्यात त्यानंतरची पूर्ण ओळ. प्रोग्राममधली एक ओळ वाचायची आणि तक्त्यात एक नोंद करायची. पहिल्या फेरीअखेर 17, 35, 8, 23, 42 असं आलं पाहिजे. दुसरीनंतर 17, 8, 23, 35, 42. तिसरीनंतर आकडे चढत्या क्रमात लागलेले असतील, तरी साधा प्रोग्राम चौथी फेरी मारतोच. एकूण तुलना 10, अदलाबदली 7. तिसऱ्या फेरीनंतर थांबता येईल का, आणि प्रोग्रामला ते कसं कळेल, हा ओरलचा हक्काचा प्रश्न तुला तक्त्यातच दिसेल.

नेहमीची चूकही तक्त्यातच सापडते. पाच आकड्यांच्या अ‍ॅरेत, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या आकड्यांत, जागांचे क्रमांक 0 ते 4 असतात. आतला लूप जे 4 होईपर्यंत चालवलास तर जे+1 म्हणजे 5, आणि ती जागा आपली नाही. तिथे काहीही पडलेलं असलं तरी प्रोग्राम ते उचलतो. म्हणून घरी उत्तर बरोबर येतं आणि परीक्षेला भलताच आकडा छापला जातो. तो नशिबाचा दोष नसतो.

क्लासमध्ये अजून टर्बो सी हा सीचा जुना कंपायलर असेल तर ते ओळखून ठेव. त्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, दोन बाइटची असते आणि 32767 पर्यंतच मोजतो. 8 चं फॅक्टोरियल (1 ते 8 चा गुणाकार) 40320, पण तिथे उणे 25216 येतं. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर इंट साधारणपणे चार बाइटचा असतो, तिथे 12 च्या फॅक्टोरियलपर्यंत ठीक चालतं आणि 13 ला गडबड होते. असं का होतं, हे सरांना विचार. त्यांनी सांगितलं तर तुझं भलं. "एवढं परीक्षेला येत नाही," असं उत्तर मिळालं तर दुसरा क्लास बघ.

प्रश्न : मी स्वतः शिकवणी घेतो. मुलांना माझा प्रोग्राम कळतो, पण कोरा स्क्रीन दिला की निम्मी मुलं हलत नाहीत. काय बदलू?
— एक शिक्षक, विजापूर रोड

उत्तर : वाचता येणं आणि लिहिता येणं यांच्या मधल्या पायऱ्या गाळल्या जातात, म्हणून असं होतं. दीड तासाचा वर्ग असा लावून बघा.

पहिली पंधरा मिनिटं आठ-दहा ओळींचा चालणारा प्रोग्राम द्या, पण चालवू देऊ नका. काय छापलं जाईल ते प्रत्येकाने वहीत लिहायचं. मगच चालवायचा. अंदाज चुकलेली मुलं कान देऊन ऐकतात, कारण आता त्यांना प्रश्न पडलेला असतो. पुढची वीस मिनिटं त्यातच बदल करायचे : 1 ते 10 ऐवजी 10 ते 1, मग फक्त सम संख्या, मग बेरीज. फॉर लूपच्या कंसानंतर मुद्दाम एक अर्धविराम टाकायला लावा. लूप रिकामाच फिरतो आणि आतलं वाक्य एकदाच चालतं, हे त्यांनी स्वतः बघू दे. नंतर ही चूक त्यांना दुरूनही ओळखू येते.

त्यानंतर कागदाच्या पट्ट्या. एका प्रोग्रामच्या ओळी वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहा, त्यात न लागणाऱ्या दोन ओळी मिसळा आणि दोघादोघांना लावायला द्या. इथे टायपिंग नाही, अर्धविरामाची धास्ती नाही, फक्त क्रमाचा विचार. दहा मिनिटं पुरतात. उरलेले पाऊण तास कोरा स्क्रीन. आता निम्मी मुलं अडणार नाहीत. तेव्हा तुम्ही वर्गात फिरा, कीबोर्डला हात लावू नका, आणि कोण कुठे अडलं ते वहीत टिपा. पुढच्या वर्गाचा पहिला प्रोग्राम त्या टिपणातून निवडा.

तुम्ही स्वतः फळ्यावर किंवा प्रोजेक्टरवर लिहाल, तेव्हा तयार प्रोग्राम चिकटवू नका. त्यांच्यासमोर टाइप करा, चूक झाली तर लपवू नका, ती कशी शोधता ते मोठ्याने बोला. शोधायचं कसं, हे मुलांना दुसरीकडे कुठेच ऐकायला मिळत नाही.

प्रश्न : क्लासवाले जर्नल आणि प्रोजेक्ट करून देतात, वेगळे पैसे घेतात. मुलगा म्हणतो सगळेच घेतात, नाहीतर चॅटजीपीटीकडून करून घेतो.
— एक पालक, मुरारजी पेठ

उत्तर : तयार प्रोजेक्ट विकणाऱ्याकडे शिकवणी लावू नका. मुलाला येऊ लागलं तर विकणाऱ्याचा दुसरा धंदा बुडतो. एवढ्यावरून ओळखा.

चॅटजीपीटीवर बंदी घालून भागत नाही, नियम हवा. आम्हाला पटणारा नियम असा : पहिली तीस मिनिटं स्वतः प्रयत्न. मग विचारायचं ते चूक का झाली एवढंच, प्रोग्राम मागायचा नाही. आणि जी ओळ समजावून सांगता येत नाही ती जर्नलमध्ये लिहायची नाही. सर दर आठवड्याला जर्नलमधली कुठलीही एक ओळ दाखवून "ही काढली तर काय होईल?" असं विचारतात का, ते मुलाला विचारा.

प्रश्न : लॅपटॉप कसला घ्यावा, आणि शिकवणी किती दिवस ठेवावी?
— एक आजोबा, रेल्वे लाइन्स

उत्तर : सी, पायथॉन, जावा, एसक्यूएल यांना 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा किंवा चांगला वापरलेला लॅपटॉप पुरतो. बॅटरी मात्र तपासून घ्या, वीज गेली की न साठवलेला प्रोग्रामही जातो. मोबाइलची अ‍ॅप बनवायला लागल्यावर 16 जीबी लागेल, तोवर थांबा.

शिकवणीचं म्हणाल तर दर महिनाअखेरीला नातवाला न पाहिलेलं एक गणित द्यायला सरांना सांगा. उदाहरणार्थ, दहा विद्यार्थ्यांचे मार्क घेऊन सर्वांत जास्त कोणाला आणि नापास किती, ते काढ. मोबाइल बाजूला, सर खोलीबाहेर, वेळ चाळीस मिनिटं. लागोपाठ दोन महिने त्याने ते एकट्याने चालवून दाखवलं, की सीची शिकवणी बंद करा. पुढच्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर आलं आणि पॉइंटरपाशी अडलं, तर तेवढ्यापुरती दोन महिने पुन्हा लावता येईल.