आकडा तोच, मग खालची सनमायका का उरते?

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन ट्रॅक सॉ (रेल म्हणजे सरळ रुळावर सरकणाऱ्या गोल पात्याच्या करवती) आहेत. १८ मिमी प्लाय, दोन्ही बाजूंना १ मिमी सनमायका. दोन्हींवर कापाची खोली २४ मिमी लावली. एक आरपार जाते, दुसरीत खालचा पापुद्रा उरतो. वरही टवके उडतात. मशीन बिघडली का?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : मशीन ठणठणीत आहे. एकीच्या खोली दाखवणाऱ्या पट्टीवरचे आकडे रेलची जाडी वजा करून छापलेले आहेत, दुसरीचे नाहीत. रेल साधारण ५ मिमीची धरा: २४ मधून ५ गेले, उरले १९. माल २० चा. म्हणजे राहिली ती नेमकी खालची सनमायका! डिवॉल्टच्या डीडब्ल्यूएस ५२० ची खोली रेलशिवाय ५९ आणि रेलवर ५५ मिमी असते, तोही हाच हिशेब. मशीन घेताना हे आधी विचारा.

दुसऱ्या मशीनवर २९ लावा. दात मालाखाली ३ ते ५ मिमी उतरले की पुरे. पातं पूर्ण खाली सोडून कापू नका. जितकं खोल, तितके दात वरच्या पृष्ठभागातून सरळ उभे बाहेर येतात आणि सनमायका उचकटतात. मोटरवर ताण येतो तो वेगळाच.

पट्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जाड टाकाऊ लाकडावर रेल ठेवून खाच पाडा, प्लग काढा आणि खाचेची खोली व्हर्नियरने मोजा. पात्याला धार लावल्यावर पुन्हा मोजा. १६० मिमी व्यासाचं पातं १५८ झालं की खोली १ मिमीने घटते.

आता वरचे टवके. रेलच्या कडेची रबरी पट्टी फक्त रेलखालची बाजू दाबून धरते, सुटणारा तुकडा मोकळाच राहतो. तिथे आधी २ मिमीचा हलका चिरा मारा, मग रेल न हलवता पूर्ण कापा. मकिताच्या एसपी६००० वर यासाठी वेगळं बटण आहे. इतरांवर खोलीचा स्टॉप (अडकण) हाताने सरकवावा लागतो. पातं ४८ दातांचं घ्या.

४५ अंशांत कापताना याच २० मिमीला तिरकस अंतर २८ च्या वर जातं. पट्टीवरचे आकडे सहसा सरळ कापासाठी असतात, तेव्हा तिथेही आधी टाकाऊ तुकड्यावर कापून पाहा.