चियांग माईत हत्ती बघायचे असतील तर आंघोळीचं पॅकेज घेऊ नका

मुलांसोबत थायलंडमधल्या चियांग माईला जाताय आणि 'सवारी नको, पण हत्तीला आंघोळ घालता येईल' असं केंद्र शोधताय, असं तुम्ही लिहिलंय. सवारी टाळताय हे फार चांगलं करताय. माझा आग्रह आहे की आंघोळही टाळा.

हत्ती पाण्यातून बाहेर आला की लगेच सोंडेने माती उचलून पाठीवर उडवतो. ऊन आणि किड्यांपासून त्याच्या कातडीला तेवढाच आडोसा. पर्यटकांच्या तुकड्या एकामागून एक येत राहिल्या की ती माती दिवसातून कितीदा तरी धुतली जाते, आणि मनात नसलं तरी त्याला पाण्यात उभं राहावं लागतं. अनोळखी माणसांनी अंगाला हात लावला तरी गप्प राहायचं, हे वळण बहुतेकांना लहानपणीच मारूनमुटकून लावलेलं असतं. पिल्लाला आईपासून तोडतात, जखडतात, उपाशी ठेवतात. तिकडे याला 'फाजान' म्हणतात. शिवाय धोका आपल्यालाही आहे. जानेवारी 2025 मध्ये थायलंडमध्येच हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीचा जीव गेला.

पाटीवर 'सँक्चुअरी' लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका. बुकिंगआधी सरळ विचारा: हत्तींना रात्री कुठे ठेवता? पिल्लं असतील तर ती कुठून आली? हात लावायला मिळतो का? शेवटच्या प्रश्नाला 'हो, हवा तेवढा' असं उत्तर आलं तर दुसरी जागा बघा. तिथे गेल्यावर एखादा हत्ती जागच्या जागी डुलताना दिसला, तर ते नीट बघा. दारी हत्ती झुलणं म्हणजे वैभव असं आपण मानत आलो, पण तासन्तास तसं डुलणं हे साखळदंडात काढलेल्या आयुष्याचं आणि ताणाचं लक्षण आहे. लोक त्याला नाच समजून व्हिडिओ काढतात, फार वाईट वाटतं.

'मग जंगलात का सोडत नाहीत?' हा प्रश्न मुलं विचारतीलच. 1989 मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एकदम बेकार झाले आणि पर्यटनाकडे वळले. माणसाळलेल्या एवढ्या हत्तींना सामावेल असं मोकळं जंगल उरलेलं नाही, आणि एकाला दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा लागतो. म्हणून चांगल्या केंद्राचं तिकीट महाग असलं तरी काढावं.

चियांग माईपासून साधारण 60 किमीवर, मे तेंग भागात, हत्तींना वाचवणाऱ्या लेक चैलर्ट या बाईंचं एलिफंट नेचर पार्क आहे. म्हातारे, आंधळे, सुरुंगावर पाय पडून जायबंदी झालेले हत्ती तिथे सांभाळतात. जेवण शाकाहारी असतं, त्यामुळे आईबाबा सोबत असले तरी अडचण नाही. मे वांग भागातलं 'चांगचिल' हे केंद्रही चांगलं. तिथे पूर्वी पर्यटक हत्तींना आंघोळ घालायचे, ते बंद करून आता लांबूनच बघू देतात. फुकेतला जाणार असाल तर फुकेत एलिफंट सँक्चुअरी.

थायलंड बारगळलं, तर आग्र्याच्या सहलीत मथुरेजवळचं 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेचं हत्ती केंद्र जमवा. आपल्या देशात भीक मागायला लावलेले, सर्कशीतून सुटलेले हत्ती तिथे आहेत. जाण्याआधी वेळ मात्र ठरवून घ्या.