पहिल्यांदाच नीट "हो" म्हण

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू अंबडच्या कारखान्यात रुजू होणार, आणि तिथे परदेशी ग्राहकांची ये-जा असते. कामापुरतं इंग्रजी तुला येतं; ड्रॉइंग समजावून देशील, टॉलरन्स सांगशील. अडतं ते चहाच्या वेळी. म्हणून हे पत्र फक्त खाण्यापिण्याच्या बोलण्यापुरतं.

आधी आपली एक सवय बाजूला ठेव. आपल्याकडे पाहुण्याने "नको नको, आत्ताच झालाय" म्हणायचं, यजमानाने "अहो, अर्धा कप तरी घ्या" म्हणायचं आणि तिसऱ्या आग्रहाला कप हातात घ्यायचा. इंग्रजीत वाढलेला माणूस बहुतेक वेळा पहिलाच नकार खरा धरतो. "वुड यू लाइक सम कॉफी?" असं त्याने विचारलं आणि तू भिडेपोटी "नो, नो" म्हटलंस, की तो आपला कप भरून घेतो आणि विषय तिथेच संपतो. यात तुटकपणा नाही. तुझ्या शब्दाला मान दिला, असंच त्याला वाटतं. तेव्हा हवं असेल तर पहिल्याच दमात "येस, प्लीज". नको असेल तर "नो, थँक यू". नुसतं "थँक यू" म्हणून आपल्या पद्धतीने मान डोलावलीस तर समोरच्याला हो की नाही ते कळतच नाही. आणि तो स्वतः "आयम गुड, थँक्स" म्हणाला तर तब्येतीचं सांगत नाहीये, त्याला नको आहे.

"आयड लाइक सम टी" म्हणताना मधला "ड" गिळू नकोस. तो गेला की "आय लाइक" उरतं, म्हणजे चहा आवडतो एवढंच. आत्ता हवा आहे हे त्यात येत नाही. चहा, भात, पोहे यांना "आयड लव्ह सम". समोसा, केळं, बिस्किट अशा मोजायच्या वस्तूला "आयड लव्ह वन". जेवायला बोलावलं, "वुड यू लाइक टू जॉइन अस फॉर लंच?", तर "आयड लव्ह टू". शेवटचा "टू" सोडलास तर वाक्य लोंबकळतं.

कटिंगपुरताच हवा असेल तर "जस्ट हाफ अ कप, प्लीज". वाढणाऱ्याला थांबवताना कपावर हात ठेवून "इनफ, इनफ" नको, ते तोडून टाकल्यासारखं लागतं. "दॅट्स प्लेंटी, थँक यू" म्हण. "आय डोन्ट वॉन्ट" व्याकरणात बरोबर आहे, पण खाणं नाकारताना कानाला फार कोरडं लागतं.

शाकाहाराचं मात्र मोघम ठेवू नकोस. "प्युअर व्हेज", "नॉनव्हेज" हे आपल्या देशातलं इंग्रजी आहे. बाहेरच्याला ते कळेलच असं नाही. शिवाय तिकडे पुष्कळ जण अंडं शाकाहारातच धरतात. म्हणून सरळ विचार: "इज देअर एनी मीट, फिश ऑर एग इन धिस?" चतुर्थी असेल तर नुसतं "आयम फास्टिंग" म्हणून थांबू नकोस, समोरचा पाणीसुद्धा पुढे करायला कचरेल. "आयम फास्टिंग टुडे, बट आयड लव्ह सम टी" म्हटलंस की त्याचाही जीव भांड्यात पडतो.

आभारात चूक होते ती "फॉर"च्या पुढे. वस्तू असेल तर "थँक यू फॉर द लंच". क्रिया असेल तर तिला "इंग" लागतं, "थँक यू फॉर इनव्हायटिंग मी". "इनव्हाइट मी" चुकीचं, आणि "थँक्स यू" तर नाहीच नाही. खाताना एकदा "धिस इज डिलिशस" आणि निघताना "थँक यू" पुरे. तुझे कुणी आभार मानले तर "यू आर वेलकम"; "मेन्शन नॉट" सोडून दे.

आता उलट बाजू. कधीतरी तूच पाहुण्याला मिसळ खायला नेशील. तिखटाची कल्पना आधी दे, पण "हॉट" म्हणू नकोस. त्याला वाटेल गरम आहे आणि तो निवायची वाट बघत बसेल. "इट्स क्वाइट स्पायसी" म्हण. रस्सा वेगळा मागव, म्हणजे तो बेताने घालून घेईल, आणि दही जवळ असू दे. वाढताना आपलं "घ्या, घ्या" तसंच उचलून "टेक, टेक" केलंस तर हुकूम सोडल्यासारखं होतं. "वुड यू लाइक सम मोअर?" एकदा विचार. तो "आयम फुल, थँक यू" म्हणाला की वाटी खाली ठेव.

कळावे.